दाजींचं जहाज आणि आतली ओल

अक्का, साडीच्या दुकानात त्या माणसानं मला साधंच विचारलं आणि माझी बोलती बंद झाली. तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस. "बापूला गप करणारा भेटला म्हणायचा कुणीतरी," असं वर ऐकवलं असतंस.

तुझ्या जावेचा, अनुसयाचा, फोन सकाळी आला. "बापू, अक्कानं चहा घेतला, भिंतीला टेकल्या अन् तशाच राहिल्या. लवकर निघा," एवढंच ती बोलली. लातूर ते चाकूर काही लांब नाही, पण रिकाम्या हातानं येता येत नव्हतं. बाई गेली की तिला शेवटचं नेसवायचं लुगडं माहेरानं आणायचं असतं, आणि तुझं माहेर म्हणजे आता मी एकटा उरलो. गंजगोलाईच्या बाजारातली दुकानं अजून उघडायची होती. ओळखीच्या एकाला घरून बोलावून शटर वर करायला लावलं. मी कशाला आलो ते त्याला सांगावं लागलं नाही. त्यानं गादीवर बसवलं, पाणी दिलं आणि हळू आवाजात विचारलं, "काका, बहीण सवाष्ण होत्या ना? हिरवं काढू?"

तुझी भावजय सुमन माझ्या शेजारी होती. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. हो म्हणावं, तर सतरा वर्षं मी तुला काय सांगत आलो? दाजी गेले, जहाज बुडालं, आता मान्य कर. नाही म्हणावं, तर जीभ रेटेना. ज्याला तू 'उत्तराचं दुकान' म्हणायचीस तो तुझा भाऊ तिथं हातात पाण्याचा पेला धरून बसला होता.

दाजींना समुद्राची हौस होती असं आता गावात कुणी कुणी म्हणतं. खोटं आहे. त्या माणसानं तिशीपर्यंत बघितलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे मांजरा धरण. आयटीआयचे फिटर, विहिरीवरच्या मोटारी आणि डिझेल इंजिनं दुरुस्त करायचे, नुसत्या आवाजावरून कुठं बिघडलंय ते सांगायचे. कुणाच्या तरी ओळखीनं मुंबईला गेले आणि मालवाहू जहाजाच्या इंजिनावर लागले. सुटीला आले की अंगणात बाज टाकून सगळ्या गल्लीला ऐकवायचे, "चोहीकडं पाणीच पाणी, पर प्यायला घोट न्हाई. आपल्या लातूरवानीच हाय बघा." सगळे हसायचे, आणि तू चहाच्या कपबशा गोळा करता करता सगळ्यात जास्त हसायचीस.

चौथ्या खेपेला त्यांचं जहाज नाहीसं झालं. पूर्वेकडच्या एका बेटावरून खाणीतली धातूची कच्ची माती भरून चीनकडं निघालं होतं. सकाळी त्यानं आपण कुठं आहोत ते कळवलं, संध्याकाळी कळवलं नाही. मदतीची हाक नाही, काही नाही. विमानांनी शोधलं, दुसऱ्या जहाजांनी शोधलं. काही दिवसांनी एक नाव सापडली, जीव वाचवायला जहाजावर टांगलेली असते तसली. रिकामी होती. पुढं कंपनीचं पत्र आलं, ते मीच तुला वाचून दाखवलं. जहाजावरील सर्व जण बेपत्ता असून त्यांना मृत समजण्यात यावे. तू खांबाला धरून ऐकलंस आणि म्हणालीस, "समजा म्हणतेत. म्हंजे त्यांना बी ठाव न्हाई."

त्या रिकाम्या नावेवरून आपली पहिली हुज्जत झाली. नाव रिकामी हाय म्हंजे माणसं कुठंतरी उतरून गेली, असं तुझं म्हणणं. नाव रिकामी आहे म्हणजे तिच्यात कुणी बसलंच नाही, जहाज खाली जाताना ती सुटून वर आली, असं माझं. आपण दोघं त्या एका नावेवर सतरा वर्षं भांडलो, आणि दोघांनीही ती बघितलेली नव्हती.

मग तू शोध लावत सुटलीस. अंगणवाडीत मदतनीस होतीस, तिथल्या बाईंनी तुला मोबाईलवर व्हिडिओ बघायला शिकवलं आणि माझ्या डोक्याला ताप झाला. पंचमीला आलीस की, भाऊबीजेला आलीस की, ताट वाढायच्या आधी मोबाईल पुढं. "बापू, हे बघ. बरमूडा म्हणून एक तिकोन हाय. जहाज गेलं की गुडूप." मी सांगायचो, अगं, तिथून रोज जहाजं येतात-जातात. जिथं रहदारी जास्त तिथं अपघात जास्त, आपल्या नांदेड रोडला होतात तसे. वादळं तिथं अचानक उठतात आणि पाण्याला ओढ अशी की फुटलेलं फळकूट जागेवर सापडत नाही. शिवाय दाजी तिकडं नव्हतेच, पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला होते. तू जरा विचार करायचीस. "मग तसला तिकोन इकडं बी असंल की एखादा."

एकदा होकायंत्राचं काढलंस. काटा फिरतो, जहाज वाट चुकतं, भलत्याच बेटाला लागतं. मी म्हणालो, काटा खऱ्या उत्तरेला धरून नसतोच, थोडा इकडं-तिकडं असतो, आणि ते खलाशांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. एकदा समुद्राच्या तळातून येणाऱ्या गॅसचं काढलंस. बुडबुड्यांनी पाणी फेसाळलं की त्यावर जहाज तरंगत नाही. हे मला पटण्यासारखं होतं, लोकांनी टाकीत खेळण्याएवढं जहाज सोडून तसं करूनही बघितलंय. पण खऱ्या समुद्रात एखादं जहाज असं गेलं हे कुणाला दाखवता आलेलं नाही. मग मी तुला एकट्या येणाऱ्या मोठ्या लाटेचं सांगितलं. भोवतीच्या लाटांच्या दुपटीनं उंच, भिंतीसारखी येते आणि जहाजाचं कंबरडं मोडते. खलाशी हे सांगायचे तेव्हा शिकलेली माणसं त्यांना थापाडे म्हणायची, मग यंत्रांनीच एकदा तसली लाट मोजली. हे ऐकून तू भलतीच खूश झालीस. "बघ, आडाणी माणसं खरं सांगत हुती. तुम्ही शिकलेले लई उशिरा ऐकता."

सगळ्यात जास्त तुला समुद्री लुटारू आवडायचे. ते जहाज पळवतात, रंग बदलतात, नाव बदलतात, माणसांना कामाला जुंपतात. कधी कधी असं होतंही, हे मला कबूल करावं लागायचं. मग तुझा चेहरा उजळायचा. माझ्या लक्षात यायला फार वर्षं गेली, पण तुझी कारणं तू नीट निवडायचीस. तुझ्या कारणांत माणसं जिवंत राहायची. मी निवडायचो त्या सगळ्यांत मरायची.

ते मोठं प्रवासी विमान गायब झालं तेव्हा तू दोन दिवस टीव्हीसमोरून हलली नाहीस, असं अनुसया सांगत होती. मला फोन केलास. "एवढ्या मशिनी, एवढे रडार, अन् आख्खं इमान घावत न्हाई? मग जहाजाचं काय घेऊन बसला?" मी माझं दुकान उघडलं. रडार किनाऱ्यापासून काही अंतरापर्यंतच बघतं, पुढं नुसतं पाणी. समुद्रावर ढगात शिरलेल्या पायलटला वर कुठलं आणि खाली कुठलं ते अंगाला कळत नाही. समोरच्या काट्यांवर भरवसा ठेवला तर वाचतो, अंगावर ठेवला तर सरळ पाण्यात जातो. हे त्या विमानाचं कारण नाही, पण अशीही काही विमानं गेलीत. तू सगळं ऐकून घेतलंस. पुढं कधीतरी त्या विमानाच्या पंखाचा एक तुकडा भलत्याच किनाऱ्याला लागला. तेव्हा तुझा परत फोन आला. म्हणालीस, "त्यांचा पंख तरी सापडला, बापू." मी गॅस संपलाय, सुमन हाक मारतीय, असं काहीतरी बोलून फोन ठेवला.

बारा वर्षं झाली तेव्हा तुझ्या दिरानं मला बोलावून घेतलं. माणूस बारा वर्षं बेपत्ता असला की दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात आणि सुतक धरतात, म्हणजे गेलेला सुटतो आणि मागं राहिलेलेही सुटतात. त्यांचं मन वाईट नव्हतं. पण पुतळा जळाला की तुझं कुंकू पुसायचं होतं, बांगड्या उतरवायच्या होत्या, आणि तू काही ऐकत नव्हतीस. "तुमचंच ऐकतील," दीर म्हणाला. मी तयारी करून आलो. मला तोवर खरं कारण सापडलं होतं, निदान मला तसं वाटत होतं. आणि ते माझ्याच धंद्यातलं निघालं होतं.

माझा धंदा तुला माहीत होता, पण तुला सांगताना मी तो जरा फुगवूनच सांगायचो. तेलाच्या मिलच्या गेटवर सोयाबीनची ओल तपासायची. गाडी आली की पोत्यात परखी खुपसायची. परखी म्हणजे लोखंडी नळी, टोकाला निमुळती. आतले चार दाणे बाहेर काढायचे, मशिनीत टाकायचे, आकडा येईल तो लिहायचा. ओल जास्त असली की माल परत. तीस वर्षं हेच केलं. तर त्या जहाजांविषयी वाचताना मला कळलं की धातूची कच्ची माती पावसात भिजलेली असली तर वरून घट्ट दिसते, पण इंजिनाची थरथर आणि लाटांचे हिसके बसून बसून तिच्यातलं पाणी सुटतं. मग ती माती राहत नाही, राबडी होते. जहाज एका अंगाला कललं की सगळी राबडी त्या अंगाला वाहते आणि जहाज परत सरळ होत नाही. काही मिनिटांत उलटतं. हाक मारायलाही वेळ मिळत नाही. अशी बरीच जहाजं गेलीत, आणि असलाच माल घेऊन गेलीत.

मी तुला ते करून दाखवलं. आठवतं? घमेल्यात माती घेतली, पाणी शिंपडून चांगली भिजवली, वरून कोरड्या मातीचा थर दिला. तुझ्या दिराचा ट्रॅक्टर अंगणात सुरू करून ठेवला आणि घमेलं त्याच्या मडगार्डवर ठेवलं. सगळं घर गोळा झालं. थोड्या वेळानं वरचा कोरडा थर काळा पडला, पाणी वर आलं, माती लोण्यासारखी एका बाजूला सरकली आणि घमेलं धाडकन खाली. मी विजयी मुद्रेनं तुझ्याकडं बघितलं. खरं सांगतो, त्या क्षणाला ते दाजी होते हे मी विसरून गेलो होतो. मला नुसतं जिंकल्यासारखं वाटत होतं.

तू सांडलेल्या मातीजवळ बसलीस. "चुलीची माती थोपटली की पाणी सुटतं, हे तू मला शिकवायलास का?" म्हणालीस. तळहातानं ती माती दोनदा थोपटलीस.

"वरून वाळलेली दिसत असंल?"

"दिसणारच. उन्हानं वरचा थर वाळतो."

"भरायच्या आधी कुणी बघत न्हाई?"

"बघतात की. नमुना घेतात, ओल मोजतात, कागदावर लिहून देतात. जास्त निघाली तर जहाजात भरायची नाही असा नियमच आहे."

"म्हंजे तुझ्यावानी माणूस असतो तिथं."

"हो, असतो."

"मग त्यानं आत हात का न्हाई घातला?"

मी म्हणालो, "मला काय ठाव, अक्का. तिकडचं तिकडं." तू माझ्याकडं बघत राहिलीस. मग उठलीस, हात धुतलेस आणि दिराला सांगितलंस, "पुतळा करायचा न्हाई. बापूनं कारण सांगितलं. मरण कुठं सांगितलं?" तिथून पुढं तो विषय तुझ्या घरात कुणी काढला नाही. मी लातूरला परत येताना फार चिडलो होतो. एवढं समजावून सांगितलं तरी बाई ऐकत नाही, असं सुमनला दहादा सांगितलं. खरा राग कशाचा होता ते मी तिलाही सांगितलं नाही.

आता मांडवातलं. ते लिहिल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

माझ्या मनीषाच्या लग्नाला तीन वर्षं झाली. तुझी भाची, पाळण्यात तिच्या कानात कुर्र करून तिचं नाव तू ठेवलेलं. हळदीच्या आदल्या दिवशी सुमननं मला विचारलं, "पाच सवाष्णींत अक्काला धरायचं ना?" तिनं सरळ मनानं विचारलं होतं. मी म्हणालो, "नको. लोक नावं ठेवतील. आणि तसंही दाजी राहिलेत कुठं." सुमन म्हणाली, "त्यांना वाईट वाटंल." मी म्हणालो, "मी बोलतो तिच्याशी." मी बोललो नाही. तू चाकूरहून आलीस ती तुमच्या गावच्या बांगडीवाल्या चाँदबीकडून नवा हिरवा चुडा भरून आलीस. दोन्ही हात पुढं करून सुमनला दाखवलेस. "आत्या हाय मी, बरं का. पहिली हळद माझी," म्हणालीस. सुमन माझ्याकडं बघून आत निघून गेली. दुसऱ्या दिवशी पाच पाट मांडले, पाच बायकांना नावानिशी हाका मारल्या, त्यात तुझं नाव नव्हतं. तू दोन पावलं पुढं आली होतीस. मग वळलीस आणि मागं आचाऱ्याजवळ जाऊन कोथिंबीर निवडायला बसलीस. मी मांडवाच्या दोऱ्या बघतोय असं दाखवत उभा होतो, पण मला सगळं दिसत होतं. लग्नाची जेवणं झाल्यावर भांडी मोजून दिलीस, सगळ्यांना सांगून एसटीनं परत गेलीस.

भांडली असतीस तर बरं झालं असतं. त्या भाऊबीजेलाही तू आलीस, मला ओवाळलंस, करंज्या आणल्या होत्यास, आणि नेहमीसारखा मोबाईल पुढं केलास. मी तुझ्यावर वैतागलो, नेहमीसारखाच. आपण दोघांनी मिळून ती गोष्ट बुजवली. मनीषानं मात्र बुजवली नाही. ती नांदेडला सासरी गेली आणि दर वर्षी तुला माहूरला रेणुकेच्या दर्शनाला घेऊन जायला लागली. गडावर तुमचं काय बोलणं व्हायचं ते मी कधी विचारलं नाही. माझी हिंमत झाली नाही.

यंदाच्या भाऊबीजेला तू थकलेली दिसत होतीस. ओवाळून झालं, तू ताट खाली ठेवलंस, आणि मोबाईल न काढताच विचारलंस, "बापू, खरंच ठाव हाय का रे तुला? ते गेले म्हणून?" मी म्हणालो, "शंभर टक्के." तू होकार दिलास. नुसतं "हाव". मग सुमनला मदत करायला आत गेलीस. आपलं शेवटचं बोलणं ते. त्यानंतर महिन्याभरानं मी साडीच्या दुकानात बसलो होतो, आणि शंभरातला एक टक्कासुद्धा हाताला लागत नव्हता.

शेवटी मी म्हणालो, "हिरवंच द्या." दुकानदारानं चार काढली. सुमननं त्यातलं जरीच्या बारीक काठाचं घेतलं.

तुझ्या अंगणात बायका जमल्या होत्या. तुला भिंतीपासून उचलून घोंगडीवर निजवलं होतं. हातात बांगड्या होत्या, कपाळावर सकाळचं कुंकू तसंच होतं. अनुसयानं पिशवी उघडली, हिरवं बघितलं आणि एकदम रडायला लागली. पण तुमच्या भावकीतली एक म्हातारी होती, ती काठी टेकत पुढं आली. "बापू, हिरवं कसं काय? जहाज बुडालं म्हणून तूच सांगत हिंडत हुतास की. ट्रॅक्टर लावून दाखविलं हुतं सगळ्यांना."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. म्हातारी काही खोटं बोलत नव्हती. मी म्हणालो, "सांगत होतो, मावशी. पण मी बघितलं न्हाई. मला ठाव न्हाई." इतकं साधं वाक्य, अक्का. ते मी भाऊबीजेला म्हणालो असतो तर तुला ऐकता आलं असतं. "हिरवं नेसवा," म्हणालो. "आणि ते नसले तरी हिरवंच नेसवा." तेवढं बोलून मी गोठ्याकडं जाऊन उभा राहिलो आणि खूप रडलो. आपले आई-बाप गेले तेव्हाही मी असा रडलो नव्हतो.

चाँदबीला कुणी बोलावलं नव्हतं. ती आपली टोपली घेऊन आली, तुझ्या उशाशी बसली, कुणाला न विचारता दोन बांगड्या काढल्या. मनगटाला धरून बघायचीही तिला गरज पडली नाही. "माप मालूम हाय मला," म्हणाली. एक तडकलेली होती ती तिनं बदलली आणि डोळे पुसत बाजूला झाली. अनुसयानं तुझा मळवट भरला, ओटी भरली.

मनीषा नांदेडहून येईपर्यंत थांबलो होतो. ती आली, तुझ्याजवळ बसली. बायका एकेक करून तुला हळदकुंकू लावत होत्या. सवाष्ण गेली की तिला लावलेलं कुंकू आपल्या कपाळी लावून घेतात, तसं करत होत्या. मनीषानं करंडा घेतला. तुला लावलं नाही. तुझा उजवा हात आपल्या हातात घेतला, तुझी बोटं हळदीत बुडवली आणि आपल्या दोन्ही गालांना लावून घेतली. "आत्या, राहिलं होतं," एवढं म्हणाली. सुमन दाराशी उभी होती ती तिथंच खाली बसली. मी बघत होतो, ह्या वेळी दुसरीकडं बघायचं सोंग केलं नाही.

परवा तुझा तेरावा झाला. रानात हरभरा घाट्याला आलाय, तुझ्या दिरानं पिशवीभर डहाळे दिले. तुझा मोबाईल अनुसयानं मला दिला. त्यात त्या व्हिडिओंखेरीज काही नाही. मी सगळे बघितले. त्यातले निम्मे थापा आहेत, हे मी आजही म्हणेन, आणि दाजींचं जहाज ओल्या मातीनं उलटलं असावं असंच मला आजही वाटतं. 'असावं' म्हणतोय, बघ.

पण तू एक विचारलं होतंस आणि मी तिकडचं तिकडं म्हणून टाळलं होतं. ते उत्तर माझ्याकडं तेव्हाही होतं. एका वर्षी ऐन काढणीत पाऊस झाला. मिलच्या गेटवर गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती, आतून निरोप येत होता की माल लवकर आत घ्या. पोती वरून उन्हात सुकवलेली होती. मी परखी चार बोटंच आत घालायला लागलो. मशिनीत आकडा चांगला यायचा. मशीन खोटं बोलत नव्हतं, मी त्याला वरचे दाणे देत होतो. पुढं गोदामात थप्प्या आतून तापल्या, माल काळा पडला, टाकून द्यावा लागला. कुणी मेलं नाही. माझं नावसुद्धा कुणी घेतलं नाही. तू अंगणात बसून ती माती थोपटत होतीस तेव्हा मला ती पोती दिसत होती.

तर त्यानं आत हात का घातला नाही, ते ऐक. घाई होती, अक्का. मागं रांग होती, आभाळ भरून आलेलं होतं, वरचा थर वाळलेला होता आणि तेवढं बघून लिहिलं तरी चालत होतं. मांडवात तुझ्याकडंही मी तेवढंच बघितलं.